वर्षाच्या आतला नाताळ

चर्चच्या मंडळीतल्या देवमनचा फोन सकाळीच आला. देवीदासनं तो शेवंतीच्या वाफ्यात उभ्यानंच घेतला.

"दाजी, आज संध्याकाळी आमची मंडळी निघून राहिली गाणं म्हणाले. तुमच्याकडे पयले येतो म्हणतो. ज्या घरचं मानूस त्या साली गेलं, त्या घरी आमी आधी जातो. पन तुमच्यात कसं असते ते मले मालूम नाई. म्हून विचारून घेतो."

"सांगतो," देवीदास म्हणाला.

"दुपारपर्यंत सांगजा. मंग रस्ता ठरवता येते."

फोन खिशात टाकून तो पुन्हा फुलं तोडायला लागला. थंडी पडली होती. शेवंती यंदा चांगली आली होती, पांढरी, भरलेली. थंडी पडली की त्याची बायको शकुन तोडणी करताना गुणगुणायला लागायची. कार्तिक सरला की एक दिवस सकाळी वाफ्याच्या त्या टोकाकडून आवाज यायचा आणि देवीदासला समजायचं की नाताळ जवळ आला. यंदा थंडी आली, फुलं आली. आवाज आला नाही. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात शकुन गेली होती.

ती अकोल्याच्या जुन्या शहरातल्या ख्रिस्ती घरातून या माळ्याच्या घरात आली, तेव्हा दोन्हीकडं पुष्कळ बोलणं झालं होतं. नंतर बोलणारे थकले. तिनं या घरचे सगळे सण केले. महालक्ष्म्या बसवल्या, पोळ्याला बैलांना ओवाळलं, पितरांना पान वाढलं. तिचा स्वतःचा असा एकच सण राहिला, आणि तोही एका संध्याकाळपुरता. अमरावतीच्या चर्चची मंडळी पेटी-ढोलकी घेऊन बडनेरा रोडवरच्या या मळ्यात यायची. अंगणात उभं राहून येशूच्या जन्माचं गाणं म्हणायची. शकुन त्यांना करंज्या द्यायची. मंडळी पुढच्या घरी जायची. तिला कुणी मना केलं नव्हतं. तिच्या बाजूला जाऊन उभंही कुणी राहिलं नव्हतं. देवीदास पडवीत बसून ऐकायचा.

देवाधर्मातलं त्याला फार कळत नव्हतं. त्याला ते गाणं पाहिजे होतं. ते आलं म्हणजे तिच्यातलं काहीतरी घरात येईल, असं त्याला वाटत होतं. पण हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

टोपलं पडवीत ठेवून तो जमुनावहिनीकडं गेला. मोठा भाऊ गेल्यापासून वहिनी त्याच आवारात, दोन खोल्यांत राहायची. उन्हात बसून ती मेथी निवडत होती.

"वहिनी, देवमनची मंडळी येऊ काय म्हणून राहिली."

"कायले?"

"दरसाल येते ना. गाणं म्हणाले."

जमुनानं हातातली जुडी खाली ठेवली. "भाऊजी, वर्ष झालं काय?"

"नाई."

"मंग मले काहून विचारता? घरात कढई चढली नाई अजून. दिवाळीले लोकाइच्या ताटातला फराळ खाल्ला आपन. अन् आता अंगनात ढोलकी वाजवाची?"

"तुमी मोठ्या हा, म्हून विचारलं."

"मोठी हाय म्हूनच नाई म्हणते." थोडं थांबून ती म्हणाली, "तुमचे भाऊ गेले, त्या साली काय झालं ते याद हाय ना? भुलाबाईची गानी म्हणाले पोरी आल्या, मी दारातून वापस पाठवल्या. अन् नाताळाले शकुननं तिच्या लोकाइले वापस पाठवलं. मी सांगितलं नोतं. तिनं तिच्या मनानं केलं. म्हणे, जाऊबाईच्या दुःखात मी गानं कशी म्हणू? आता तिच्याच वर्षात मी वाजवू देऊ? काय तोंड दाखवू तिले?"

देवीदासला आठवत होतं. त्या साली शकुन वाफ्यातही गुणगुणली नव्हती. वहिनीचं बोलणं चूक नव्हतं.

"कुंदन येते दुपारी," तो एवढंच म्हणाला. "त्याले विचारतो."

*

मूर्तिजापूर मागं पडलं तरी कुंदनचा फोन थांबत नव्हता. गाडी चालवता चालवता तो कानातल्या तारेत बोलत होता. "अरे, कापूस लाव ना सगळ्या झाडाइले. थर्माकोल नोको लावू, उडते ते. कापसाचाच बर्फ चांगला दिसते. अन् सांताची गाडी दाराच्या समोर ठेव. फुलं मी घेऊन येतो रात्रीपर्यंत."

कुंदन अकोल्यात सजावटीची कामं घ्यायचा. या खेपेला एका मोठ्या हॉटेलचं काम होतं. नाताळनिमित्त तिथं चार दिवस जत्रा भरणार होती आणि तिथली पांढरी फुलं बापाच्या मळ्यातून जाणार होती.

त्याची बायको रागिणी शेजारी बसली होती. मागं त्यांची पोरगी प्रणाली, लाल टोपी घालून, आणि तिच्या बाजूला ललितामावशी. ललिता म्हणजे शकुनची धाकटी बहीण. मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, आता रिटायर झालेली. दाजींना भेटून येते म्हणाली म्हणून तिलाही गाडीत घेतलं होतं. तिच्या मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक हार होता. कुणासाठी, ते रागिणीनं विचारलं नव्हतं.

"आजी, सांता कुठून येते?" प्रणालीनं विचारलं.

"मला नाही माहीत बाई. आमच्या लहानपणी तो येत नव्हता."

"मग तुमी ख्रिसमसले काय करत होत्या?"

"आधी कबरी धुवायचो."

रागिणीनं मागं वळून पाहिलं. कुंदननं कानातली तार काढली. "मावशी, पोट्टीले काय सांगता?"

"खरं आहे तेच सांगते. आधी गेलेल्या माणसांकडं जायचं. गवत काढायचं, चुना लावायचा, फुलं ठेवायची. मग घरी करंज्या तळायच्या. आज सकाळीच जाऊन आले मी. आईकडं, बाबांकडं."

"अन् माझ्या आजीकडे?" प्रणालीनं विचारलं.

ललितानं बाहेर पाहिलं. रस्त्याच्या कडेला वेचणी झालेल्या पऱ्हाटीची शेतं मागं जात होती.

"तुझी आजी तिथं नाही ना," ती म्हणाली.

कुंदननं तार पुन्हा कानात घातली. रागिणीला सासूची आठवण येत राहिली. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला सासूबाईंनी तिला करंज्या भरायला बसवलं होतं आणि म्हटलं होतं, "तुले मनात नसन तं नको बसू. पन बसली तं मले बरं वाटन." इतकं साधं मागणं तिनं त्या घरात दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

*

चहा झाला. कुंदननं फुलांची टोपली गाडीत चढवली. मग देवीदासनं सगळ्यांसमोर विषय काढला, जमुनावहिनी नको म्हणते तेही सांगितलं.

"बाबा, मोठी माय बरोबर म्हणते," कुंदन लगेच म्हणाला. "यंदा नकोच."

"एक गानं तं हाय."

"एक गानं नाई ना बाबा. ते लोक व्हिडिओ काढते, ग्रुपवर टाकते. मंग आपल्या समाजात सुरू होते. आईच्या दहाव्याले कमी बोलले काय? कावळा पिंडाले लवकर शिवला नाई, तं म्हणे बाई त्याइची होती म्हून शिवत नाई."

"शिवला ना शेवटी."

"शिवला. पन ते कोनी सांगत फिरलं नाई. न शिवल्याचंच सांगितलं."

रागिणी चहाचे कप गोळा करत होती. ती सासऱ्यासमोर नवऱ्याला कधी उलटून बोलत नसे. आज तिच्यानं राहवलं नाही. "मामाजीइचं एक गानं चालत नाई. अन् तुमी त्या हॉटेलात टोपीवाल्याची गाडी उभी करून राहिले, ते चालते?"

"तो धंदा हाय रागिणी. त्याच्यात देव कुठं हाय?"

"तेच म्हणते मी. देव नसला का चालते."

"तू नको मधात पडू."

"मधात काहून पडू नको? करंज्या भराले मी बसत होती त्याइच्याजवळ. तुमी नोते बसत."

जमुना भिंतीला टेकून बसली होती. ती कुणाकडंच पाहत नव्हती. देवीदास ललिताकडं वळला. एवढा वेळ तो तिच्याच भरवशावर होता. शेवटी ते तिचं गाणं होतं, तिच्या लोकांचं.

"ललिता, तुमी सांगा या लोकाइले."

ललितानं मांडीवरचं ओलं फडकं नीट केलं. "दाजी, मला विचाराल तर नकोच."

देवीदासला वाटलं, त्याला नीट ऐकू आलं नाही.

"नकोच म्हणते मी. तुम्हाला गाणं पाहिजे. पण ते कुणासाठी म्हणायचं? मी एसटीनं इथं पोचले तेव्हा तुम्ही लोक तिला अग्नी देऊन परत आले होते. आमच्या पास्टरांना कुणी कळवलं नाही. प्रार्थना नाही, काही नाही. मी तेव्हा तोंड उघडलं नाही. नाताळ आलाय, माझी बहीण गेलीय, आणि माझ्या हातात हार आहे." तिनं फडकं उघडून दाखवलं. "हा मी कुठं ठेवू? ते सांगा आधी. मग गाण्याचं बघू."

कुंदनला मावशी आपल्या बाजूनं बोलली याचा आनंद व्हायला पाहिजे होता. तो झाला नाही. तो चपलेकडं पाहत राहिला.

"तिनं सांगितलं होतं," देवीदास हळू म्हणाला. "दवाखान्यातच सांगितलं. म्हणे, माहे भासरे, तुमचे भाऊ, जिथं गेले अन् तुमी जिथं जासान, तिथंच मले न्या. एकटी कुठं ठेवू नका."

"मला नाही बोलली ती."

"तुमाले वाईट वाटन म्हून नाई बोलली."

"मग आता नाही का वाटत वाईट?" ललिता म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. प्रणाली तिच्याजवळ सरकली, पण काय करावं ते न कळून नुसती बसली.

देवीदासनं खिशातून फोन काढला. सगळ्यांचं म्हणणं त्याला कळलं होतं. वहिनी शकुनचा मान ठेवत होती. पोराला लोकांची भीती होती. ललिताला दुःख होतं. त्याच्यापाशी दाखवण्यासारखं काही कारण नव्हतं. त्याला फक्त पाहिजे होतं. तो चष्मा नसल्यानं फोन लांब धरून देवमनचं नाव शोधायला लागला.

जमुना ते पाहत होती. लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा हा दीर शाळेत जात होता. त्यानं कधी काही मागितलेलं तिला आठवत नव्हतं. जे ताटात पडलं ते त्यानं खाल्लं. शकुन तेवढी एकदा मागितली होती.

"थांबा भाऊजी," ती म्हणाली. "ललिता, मले एक सांग. तुमचा हा सण नेमका कायचा हाय?"

"सांताचा," प्रणाली म्हणाली.

"तू गप वं. त्या बुढ्याचं नाई विचारत मी. शकुननं एकदा निंदताना सांगितलं होतं. गोठ्यात पोरगा झाला म्हणे. पन तेवढ्यात पानी आलं अन् आमी पळालो. पुरं राहूनच गेलं."

ललितानं डोळे पुसले. तिला आता सांगायची इच्छा नव्हती. पण म्हातारी वाट पाहत होती.

"मरिया नावाची बाई होती. दिवस भरले होते. नवऱ्याबरोबर दुसऱ्या गावाला जावं लागलं."

"भरल्या दिवसाची बाई नेली कायले त्यानं?"

"सरकारचा हुकूम होता. ज्यानं त्यानं आपल्या मूळ गावी जाऊन नाव लिहायचं."

"सरकार तवाई असंच होतं म्हणजे," जमुना म्हणाली. कुंदनला हसू आलं. "अन् सासू, माय, कोनी सोबत?"

"कुणी नाही."

"मंग?"

"गावात गर्दी. धर्मशाळेत जागा नाही. कुणी घरात घेतलं नाही. मग गोठ्यात बाळंत झाली. बाळाला कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. तोच आमचा येशू."

"सुईन कोन होती?"

"पवित्र शास्त्रात लिहिलेलं नाही."

"लिहिनारा मानूस असन. बाईनं लिहिलं असतं तं सुईनीचं नाव पयले आलं असतं."

ललिता रडता रडता हसली. रागिणीही हसली. जमुना मात्र हसली नाही. ती कपाळाला आठ्या घालून काहीतरी जुळवत होती.

"मंग हा सण नोहे," ती म्हणाली. "हे बाळंतपन हाय."

ती भिंतीचा टेका सोडून पुढं सरकली.

"सण आपल्याले बंद हाय, वर्षभर. त्याच्यात काही फरक नाई. पन दारात बाळंतीन आली, तं घरात दुखवटा हाय म्हून तिले कोनी वापस पाठवते काय? माह्या सासूचं दहावं होतं, त्या दिवशी वावरातल्या गड्याची बायको इथंच या पडवीत मोकळी झाली. इकडे पुरुष लोक पिंड देऊन आले अन् इकडे पोरगी रडून राहिली. सासऱ्यानं सोता पानी तापवलं. कोनी म्हटलं नाई का सुतक हाय, बाहेर ने. मरन आपल्या हातात नाई अन् जन्मही नाई. दोन्ही एका दारातून येते."

"मोठी माय, पन लोक—" कुंदन म्हणाला.

"लोकाइले माह्याकडे पाठव. कोनी विचारलं तं सांगजो, मोठ्या मायनं सांगितलं. माह्यासमोर बोलनारा अजून समाजात पैदा झाला नाई." मग ती ललिताकडं वळली. तिचा आवाज उतरला. "बाई, तुह्या हाराचं मले उत्तर नाई देता येत. ते दुःख तुह्यं हाय. पन तुह्या बहिनीनं माह्यासाठी तिचं गानं एक साल बंद ठेवलं. ते गानं कायचं होतं, हे तवा मले कोनी पुरं सांगितलं असतं, तं मी तिले दार लावू देलं नसतं. तू हो म्हण का नको म्हण. आज मी त्याइले येऊ देते."

ललितानं मान हलवली नाही. नाही असंही म्हटलं नाही.

देवीदासच्या हातात फोन तसाच होता. रागिणीनं तो घेतला, नंबर लावला आणि त्याच्या कानाशी धरला.

"देवमन," तो म्हणाला. "या."

त्यानं फोन रागिणीकडं सरकवला. रागिणीनंच सांगितलं, की हो, आधी इकडेच या.

"पन कढई नाई चढनार," जमुना उठत म्हणाली. "तळन नाई म्हणजे नाई."

"मग त्याइले द्याचं काय?" रागिणीनं विचारलं. "दरसाल करंज्या राहतात."

"रामनवमीले काय देतो? गोकुळाष्टमीले? देवाचा जन्म झाल्यावर काय वाटतो आपन?"

"सुंठवडा."

"मंग. सुंठ काढ डब्यातली. खोबरं किस. खलबत्ता माह्याकडे हाय."

*

ऊन उतरलं तरी कुंदन निघाला नव्हता. हॉटेलातून दोनदा फोन येऊन गेला. "निघतोच," तो म्हणाला आणि पुन्हा फाटकापाशी जाऊन उभा राहिला. आतून खलबत्त्याचा आवाज येत होता. सुंठेचा तिखट वास अंगणापर्यंत आला होता. आई असताना या दिवशी तळणाचा वास असायचा.

"जा ना बाबू तू," देवीदास बाहेर येऊन म्हणाला. "तुह्यं काम खोटी होऊन राहिलं."

"जातो."

तो गाडीत बसला, चावी लावली, तेवढ्यात रस्त्यावरून मंडळींचा छोटा टेम्पो आला आणि फाटकाशी अडला. कुंदनची गाडी मधोमध उभी होती. देवमन खाली उतरला. पिकल्या केसांचा, अंगावर शाल, गळ्यात ढोलकी. त्यानं कुंदनला पाहिलं आणि हात जोडले.

"व्हिडिओ नका काढजा काका," कुंदन म्हणाला.

"नाई काढत. सांगून ठेवलं मी सगळ्याइले."

कुंदननं गाडी मागं घेतली, पार विहिरीपर्यंत नेऊन लावली. टेम्पो आत आला. आता टेम्पो निघाल्याशिवाय त्याची गाडी बाहेर निघणार नव्हती. हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं इंजिन बंद केलं.

मंडळी उतरली. बाया, माणसं, दोन-चार कॉलेजची पोरं. एका पोराच्या डोक्यावर प्रणालीसारखीच लाल टोपी होती. पडवीतला शकुनचा फोटो पाहून त्यानं ती काढून खिशात घातली. ते अंगणात अर्धगोल करून उभे राहिले. पेटी एका स्टुलावर ठेवली. जमुना आज पहिल्यांदाच बाहेर येऊन खुर्चीवर बसली. ललिता पडवीच्या खांबाला धरून उभी होती, मंडळींतही नाही आणि घरच्यांतही नाही. तिच्या ओळखीच्या बायांनी तिला खुणेनं बोलावलं. ती गेली नाही.

देवमननं आधी थोडी प्रार्थना केली. "आमची बहीण शकुन," असं तो म्हणाला. देवीदासला कसंसंच झालं. ती आधी त्यांची होती, हे त्याला माहीत होतं. पण असं कुणी त्याच्या अंगणात म्हटलं नव्हतं.

मग पेटी वाजली.

*गावामधी दिवे विझले, दारं झाली बंद,*
*गोठ्यामधी एक पणती, वात तिची मंद...*

देवीदास ऐकत होता. तेच गाणं होतं. चाल तीच, ढोलकी तीच. तो तिची वाट पाहत होता. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. बायांचे आवाज चांगले होते. त्यांच्यात तो आवाज नव्हता. गाणं आलं म्हणजे ती थोडी येईल असं त्याला वाटलं होतं. गाणं पूर्ण आलं होतं आणि ती कुठंच नव्हती. तिला अग्नी देऊन परत आला त्या दिवशीही त्याला इतकं रिकामं वाटलं नव्हतं.

या गाण्याची एक रीत होती. सगळी कडवी मंडळी म्हणायची. शेवटचं कडवं घरच्यांनी म्हणायचं, कारण आलेल्या बाळाला घरात घेणं घरच्यांचं काम. इतकी वर्षं ते शकुन म्हणत आली, एकटी, पदर सावरून, जरा लाजत. मंडळी सवयीनं त्या जागी थांबली. पेटी चालू राहिली. मग सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं. एका बाईनं तोंडाला पदर लावला. देवमननं ढोलकी थांबवली नाही. तो खाली पाहून ठेका धरून राहिला.

विहिरीपाशी उभ्या कुंदनला ते कडवं अर्धं येत होतं. लहानपणी आईच्या मांडीवर झोपता झोपता ऐकलेलं. त्यानं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही.

देवीदास पडवीतून उठला. अंगणात आला. बाया सरकल्या आणि त्याला जागा झाली. त्यानं म्हणायला सुरुवात केली, तेव्हा त्याला कळलं की त्याला शब्द येत नाहीत. चाल पुरी येत होती. एवढ्या वर्षांत त्यानं फक्त तिचा आवाज ऐकला होता. ती काय म्हणते आहे, हे ऐकलंच नव्हतं. तो नुसतंच आ आ करत राहिला. सूर जाड, शेतातल्या माणसाचा, कुठंही जाणारा. त्याला लाज वाटली, पण थांबता येईना.

"दाजी, असं नाही," मागून आवाज आला.

ललिता पडवीतून खाली उतरली होती. ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल होते आणि आवाज नर्सबाईचा, पेशंटला गोळी कशी घ्यायची ते सांगताना असतो तसा. "मी सांगते. माझ्यामागं म्हणा."

देवमननं ठेका हळू केला.

*थकून आली माय तुझी, थंडी वाजे भारी,* ललितानं म्हटलं.

देवीदासनं ते म्हटलं. तो म्हणत होता तेव्हाच ललिता पुढची ओळ म्हणत होती, आणि तिच्याबरोबर आता मंडळीही:

*दार आम्ही उघडलं, नको राहू दारी.*

तो ती ओळ मागून म्हणायला लागला. सगळे पुढं गेले होते. त्याला त्यांना गाठता येत नव्हतं. पण एकेक शब्द त्याच्या तोंडातून जात होता, आणि तो पहिल्यांदाच कळत होता. दरसाल अंगणात उभी राहून ती हे म्हणत होती तर. ज्या घरात तिला घ्यायला एवढी भवति न भवति झाली, त्याच घराच्या वतीनं.

*घर आमचं लहान बाळा, गोधडी ही जुनी...*

मंडळींनी शेवटची ओळ म्हटली. ललितानं म्हटली. पेटी थांबली. देवमनचा हात ढोलकीवर टेकला. सगळे थांबले.

देवीदास एक ओळ मागं होता. त्याची अजून राहिली होती. अंगणात कुणी हललं नाही. त्यानं श्वास घेतला आणि ती एकट्यानं म्हटली.

*ये रे आत, जागा केली आम्ही सरकुनी.*